दोन फुटी टँकला स्पंज फिल्टर पुरतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका सोसायटीत दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक आहे. त्यात डझनभर गप्पी, तीन इंचाचे दोन गोल्डफिश आणि एअर पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर. स्पंज दर रविवारी नळाखाली पार स्वच्छ होईपर्यंत धुतला जातो. झोपताना आवाज नको म्हणून पंप बंद होतो. बुधवार-गुरुवारपर्यंत पाणी दुधाळ दिसायला लागतं आणि सकाळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. दुकानदाराचं म्हणणं, स्पंज फिल्टर ब्रीडिंगवाल्यांचा, घरच्या टँकला चांगला पॉवर फिल्टर घ्या. तर घ्यावा का?

आत्ता घेऊ नका. नवा फिल्टर आणला आणि रविवारची धुलाई नि रात्रीची बंदी तशीच राहिली, तर पाणी पुन्हा दुधाळ होईल आणि पैसे तेवढे गेलेले असतील. तुमच्या स्पंजमध्ये दोष नाही. त्याला दर आठवड्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागतेय, एवढीच अडचण आहे.

आधी आजचं बघू. पंप चालू करा आणि आता तो बंद करायचा नाही. दोन दिवस खाद्य पूर्ण थांबवा. दोन दिवसांच्या उपासाने धडधाकट गप्पी मरत नाहीत, विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात साठणाऱ्या अमोनियाने मरतात. टँकमधलं साधारण एक तृतीयांश पाणी बदला, पण नळाचं पाणी थेट ओतू नका. बादलीत घेऊन हायपो टाका. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दुकानात खड्यांच्या रूपात मिळतं. वीस लिटरच्या बादलीला तुरीच्या डाळीएवढे दोन-तीन खडे पुरतात. मूठभर टाकून काही जास्तीचा फायदा नाही. नायट्राइट, म्हणजे अमोनियापासून पुढे बनणारं विष, वाढल्याची शंका असेल तर दहा लिटरला एक सपाट चमचा खडं मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. गप्पी आणि गोल्डफिश दोघांनाही एवढं मीठ सहज चालतं. टँकमध्ये कोरिडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) किंवा नाजूक पानांची झाडं असती तर मी हात आखडता घ्यायला सांगितलं असतं.

आता मूळ मुद्दा. स्पंज फिल्टर म्हणजे यंत्र असं फारसं नाहीच. उभ्या पाइपच्या तळाशी हवा सोडली की पाइपमधलं बुडबुड्यांनी भरलेलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलकं होतं आणि वर चढतं. त्याची जागा घ्यायला स्पंजच्या छिद्रांतून पाणी आत ओढलं जातं. पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीच्या आसपास असेल तर ओढ चांगली राहते. ते पातळीच्या दोन-तीन इंच वर काढलं की बुडबुड्यांची ताकद पाणी उचलण्यात जाते आणि प्रवाह मरतो. पाणी आटून पातळी खाली गेलेल्या टँकमध्ये नेमकं हेच होतं. वरून धबधबा छान दिसतो, पण स्पंजमधून जवळजवळ काहीच वाहत नसतं. आणखी एक, नळी नुसतीच पाइपात खुपसण्यापेक्षा तिच्या टोकाला छोटा एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड, लावून तो पाइपच्या आत बसवा. बुडबुडे बारीक होतात, पाणी जास्त उचललं जातं आणि ती 'गुडूप गुडूप'ही कमी होते.

या स्पंजच्या धाग्या-धाग्यावर जिवाणूंचा चिकट थर बसतो. तो थर म्हणजेच तुमचा फिल्टर. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात, उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. सूक्ष्मजीवांचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. बाजारातल्या 'बॅक्टेरिया'च्या काही बाटल्यांवर अजूनही नायट्रोबॅक्टरचं नाव छापलेलं दिसतं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइटवर काम करणारा मुख्य जिवाणू नायट्रोस्पायरा आहे, हे १९९८ सालीच प्रसिद्ध झालं होतं. २०११ मध्ये घरगुती टँकच्या फिल्टरमध्ये अमोनियावर काम करणाऱ्यांत आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव बहुसंख्य असल्याचं दिसलं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले. बाटली घ्यावी की नाही यावर मला लोक सारखे विचारतात. माझा कल बाटलीपेक्षा कोणाच्या तरी चालत्या टँकमधल्या जुन्या स्पंजकडे असतो. त्याचं कारण हेच. आपल्या पाण्यात नेमकं कोण नांदणार हे लेबल ठरवत नाही.

हे सूक्ष्मजीव हळू वाढतात, आणि त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. दुकानात फिल्टर विकताना 'किती लिटरला चालतो' आणि 'आत मीडिया (जिवाणू बसायचं साहित्य) किती' एवढंच बोललं जातं. ऑक्सिजनचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. वेळ लागेल, पण तुमच्या टँकचं दुखणं यात पूर्ण दिसतं.

सुरुवात लिटरपासून करू नका, खाद्यापासून करा. तुमच्या टँकमध्ये वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा सोडून ४५ ते ५० लिटर पाणी असेल. ५० धरू. रोज एक ग्रॅम खाद्य पडतं असं समजा, ज्यात प्रथिनं ४० टक्के आहेत. डब्यावर प्रोटीन किती ते लिहिलेलं असतं. मत्स्यशेतीत वापरला जाणारा ढोबळ हिशेब लावला तर या एका ग्रॅममधून सुमारे ३७ मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतं. ५० लिटरमध्ये दर लिटरला पाऊण मिलिग्रॅमच्या जवळ. एका दिवसाचं. फिल्टर काहीच करत नसेल तर तीन दिवसांत दोन मिलिग्रॅमच्या वर. तुमचा बुधवार-गुरुवार इथे येतो.

आता हा अमोनिया नायट्रेटपर्यंत न्यायला दर ग्रॅम नायट्रोजनमागे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे आपल्या ३७ मिलिग्रॅमला सुमारे १७० मिलिग्रॅम. २८ अंश तापमानाच्या पाण्यात, ते अगदी संपृक्त असलं, म्हणजे मावेल तेवढा ऑक्सिजन त्यात भरलेला असला तरी, लिटरमागे पावणेआठ मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळलेला असतो. ५० लिटरमध्ये झाला ३९० मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅम खाद्याचा अमोनिया निस्तरायला पाण्यात एका वेळी असलेल्या ऑक्सिजनपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त खर्ची पडतो. माशांचा श्वास वेगळा, आणि तो याहून मोठा. गाळ कुजवणाऱ्या जिवाणूंचा वेगळा. टँकमधला साठा दिवसभरात पुन्हा पुन्हा भरावा लागतो, आणि तो भरतो पाण्याच्या पृष्ठभागावरून. बुडबुडे वर येईपर्यंत त्यांच्यातून थोडाच ऑक्सिजन विरघळतो. मुख्य काम पृष्ठभाग हलता ठेवण्याचं असतं, आणि स्पंज फिल्टरमध्ये पाणी गाळणं आणि पृष्ठभाग हलवणं एकाच बुडबुड्याने होतं. म्हणून हा साधा प्रकार जैविक गाळणीसाठी मला इतका पटतो. सहाशे रुपयांच्या पंपात दोन्ही कामं.

रात्री पंप बंद केला की दोन्ही कामं एकदम थांबतात. एका रात्रीत जिवाणू मरून जातात असं नाही, तेवढं घाबरायला नको. ते हातावर हात ठेवून बसतात आणि अमोनिया साठत जातो. टँकमध्ये झाडं असतील तर अंधारात तीही ऑक्सिजन बनवायचं सोडून घ्यायला लागतात. पहाटेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन तळाला गेलेला असतो. मासे सकाळी वर दिसतात आणि दुपारी बरे वाटतात, याचं कोडं इथे सुटतं. उन्हाळ्यात तर आणखी कठीण. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात टँकचं पाणी ३४-३५ अंशांवर जातं, तेव्हा पाणी संपृक्त असूनही लिटरला सातच मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, आणि उष्णतेने माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते.

विजेची काळजी असेल तर पाच वॅटचा पंप चोवीस तास, महिनाभर चालवून ३.६ युनिट खातो. आवाजाचा उपाय बंद करणं नव्हे. पंप कपाटाच्या फळीवर थेट ठेवला की फळी ढोलासारखी घुमते. तो दुमडलेल्या जुन्या टॉवेलवर ठेवा किंवा दोरीने खिळ्याला टांगा, निम्म्याहून जास्त आवाज जातो. मात्र पंप पाण्याच्या पातळीच्या वर हवा. खाली ठेवायचाच असेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह पाहिजेच. तो नसेल आणि वीज गेली तर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून प्लगच्या बोर्डापर्यंत जाऊ शकतं. व्हॉल्व्ह वीस-तीस रुपयांना मिळतो. बाणाची दिशा टँककडे. फुंकर मारून बघा, एका बाजूनेच हवा जायला पाहिजे.

आता धुलाई. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीनचा डोस वाढवला की वासावरूनच कळतं, आणि सोसायटीची टाकी नुकतीच ब्लीचिंग पावडरने धुतली असेल तर विचारूच नका. माणसासाठी हे चांगलंच आहे. पण जे जंतू मारण्यासाठी क्लोरीन टाकलाय त्यांच्यात आणि तुमच्या स्पंजातल्या जिवाणूंत तो फरक करत नाही. एकदा नळाखाली विसळल्याने सगळे मरतील असंही नाही. आतल्या भागातले वाचतात. पण दर रविवारी, पांढरा होईपर्यंत, पिळून पिळून, आणि वर रोज रात्री ऑक्सिजन बंद, असं झालं की थर कधी जमतच नाही. मग पाण्यातलं अन्न मोकळ्या फिरणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंना मिळतं. दुधाळपणा तो. पाणी दुधाळ झालं म्हणून लोक पुन्हा स्पंज धुतात आणि चक्र फिरत राहतं.

स्पंज धुवायचा कसा, ते नीट सांगतो, कारण यातली पहिली पायरी बहुतेक जण चुकवतात. पाणी बदलण्याच्या दिवशी टँकमधलं काढलेलं पाणी बादलीत ठेवा. पंप बंद करा. स्पंज तसाच वर ओढला तर सगळा तपकिरी गाळ पाण्यात उधळतो, म्हणून एक साधी प्लास्टिकची पिशवी पाण्यात नेऊन हळूच स्पंजवर खालपर्यंत चढवा, तोंड हाताने आवळा आणि पिशवीसकट बाहेर काढा. बादलीतल्या पाण्यात स्पंज तीन-चार वेळा दाबा, सोडा, दाबा. पहिल्या दाबाला चहासारखं पाणी निघेल. शेवटच्या दाबाला ते फिकट झालं की थांबायचं. स्पंज तपकिरीच दिसला पाहिजे. पांढरा करायचा नाही. उभ्या पाइपच्या आत शेवाळ आणि चिकटा बसतो, तो बाटलीच्या ब्रशने काढा. एअर स्टोनवर क्षार बसले असतील तर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकून स्वच्छ धुऊन घ्या. स्टोनला खुशाल नळाचं पाणी लावा, त्यावर आपलं काही अवलंबून नाही. बादलीतलं ते काळपट पाणी कुंड्यांना घाला. जास्वंद खूश होते.

किती दिवसांनी धुवायचा? कॅलेंडरवर नको, प्रवाहावर ठरवा. दोन बोटांत थोडं खाद्य पूड करून स्पंजच्या अगदी जवळ पाण्यात सोडा. कण सावकाश स्पंजकडे ओढले जाऊन त्याला चिकटले तर सगळं ठीक. ते नुसतेच खाली बसले किंवा बाजूने निघून गेले तर स्पंज चोंदलाय. बुडबुड्यांकडे बघून हे कळत नाही, स्पंज पूर्ण बुजला तरी बुडबुडे तितक्याच उत्साहाने येत राहतात. चोंदलेला स्पंज आतून ऑक्सिजनशिवाय राहतो. म्हणजे अति धुणं जितकं वाईट तितकंच महिनोन्‌महिने न धुणंही. तुमच्या टँकमध्ये गोल्डफिश आहेत तोवर दोन-तीन आठवड्यांनी पाळी येईल, नुसते गप्पी असतील तर महिना-दीड महिना निघतो. स्पंज तुटेपर्यंत, म्हणजे काही वर्षं, बदलायची गरज नाही. 'दर तीन महिन्यांनी नवा' असं पाकिटावर लिहिणाऱ्याला स्पंज विकायचे असतात.

आणखी एक स्पंज मात्र घ्याच. एका पंपाच्या दोन तोंडांवर किंवा नळीला टी-जोड लावून दोन स्पंज चालवा, टँकच्या दोन टोकांना. आळीपाळीने एकेक धुवा. एक धुतला गेला तरी दुसऱ्यावरची वस्ती शाबूत राहते. शिवाय एखादा मासा आजारी पडला तर त्यातला एक स्पंज उचलून वेगळ्या टबात लावता येतो, आणि तो टब पहिल्याच मिनिटापासून चालता टँक असतो. घेताना भरड छिद्रांचा घ्या, इंचाला २० ते ३० छिद्रांचा. एकदम बारीक स्पंज पाणी जास्त नितळ करतो पण आठवड्यात बुजतो. तो कोळंबी आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या टँकला ठीक. गादीवाल्याकडचा फोम कापून लावू नका. त्यातून पाणी नीट जात नाही आणि त्याला काय काय लावलेलं असतं कोण जाणे. नवा स्पंज पहिल्या दिवशी तरंगतो, त्याला पाण्याखाली धरून हवा निघेपर्यंत दाबा. तो जुन्याच्या शेजारी ठेवला की त्याच्यावर आपोआप वस्ती होते. घाई असेल तर जुना स्पंज नव्याच्या डोक्यावर पिळा. पाणी दोन तास गढूळ दिसेल, त्याने बिघडत काही नाही.

पाण्याच्या जातीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुण्यात हे हमखास अडतं. धरणाचं पाणी मऊ, बोअरचं जड, आणि उन्हाळ्यात टँकर येतो त्याचं कुठलं ते ठाऊक नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक जास्त घातक, आणि त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. २८ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही घातक रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच वाटा साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे टेस्ट किटवर आकडा तोच, विष नऊ-दहा पट. बोअरच्या पाण्यावर टँक चालवणाऱ्याने अमोनियाच्या बाबतीत जास्त कडक राहायला हवं. मऊ पाण्याची अडचण उलटी आहे. हे सूक्ष्मजीव काम करताना पाण्यातली क्षारता खातात, दर ग्रॅम नायट्रोजनला ७.१४ ग्रॅम. आपल्या रोजच्या एका ग्रॅम खाद्याच्या हिशेबाने ५० लिटरमध्ये आठवड्याला लिटरमागे ३७ मिलिग्रॅम, म्हणजे केएच (टेस्ट किटवरचं क्षारतेचं माप) दोन अंशांनी खाली. मुंबई, कोकण किंवा धरणाच्या पाण्यात मुळातच कमी क्षारता असते, पाणी बदललं नाही तर ती संपते, पीएच घसरतो आणि ६ च्या खाली गेला की जिवाणू जवळपास काम सोडतात. वरून सगळं शांत दिसतं, कारण कमी पीएचला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. मग एक दिवस कोणीतरी उत्साहाने अर्ध्याहून जास्त पाणी बदलतं, नव्या पाण्याने पीएच उडी मारतो आणि साठलेला अमोनिया तासाभरात घातक होतो. 'पाणी बदललं आणि मासे मेले' ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. अशा जुन्या टँकमध्ये एकदम मोठा बदल करायचा नाही, रोज थोडं थोडं. आणि मऊ पाण्यात समुद्रावरच्या शिंपल्या स्वच्छ धुऊन, कुटून, जाळीच्या पिशवीत घालून पाइपच्या प्रवाहाजवळ टांगा. पीएच पडायला लागला की त्या आपसूक विरघळतात.

नायट्रेट मात्र स्पंज काढत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. त्याच एका ग्रॅमने लिटरमागे रोज सव्वातीन मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं, आठवड्याला तेवीस. ते पाणी बदलूनच जातं, आठवड्याला तीसेक टक्के. वरून मनी प्लांटच्या दोन फांद्या मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशा सोडल्या तर चांगली मदत होते.

औषधांबद्दल एकच सांगतो. मासा सुस्त दिसला की मिथिलीन ब्लू, ही आपल्याकडची दुकानी सवय फार वाईट. ते निळं औषध स्पंजातल्या या जिवाणूंनाही दाबतं. औषध द्यायचं तर वेगळ्या टबात. वीज गेली तर चार-सहा तास स्पंज फिल्टरला फारसं काही होत नाही, कारण स्पंज उघड्या पाण्यातच असतो. बंद डब्याच्या कॅनिस्टरमध्ये आतला ऑक्सिजन लवकर संपतो आणि वीज आल्यावर तेच सडकं पाणी टँकमध्ये येतं. लोडशेडिंगच्या गावात हा फरक फार मोठा आहे. इन्व्हर्टर असेल तर पाच वॅटचा पंप त्याला जाणवतही नाही. नसेल तर मगाने पाणी उंचावरून ओतत राहा, आणि वीज येईपर्यंत खायला घालू नका.

राहिला दुकानदाराचा मुद्दा. ब्रीडर स्पंज वापरतात हे खरंच आहे. चेन्नईच्या कोळत्तूरपासून आपल्याकडच्या गच्चीवरच्या ब्रीडरांपर्यंत एका ब्लोअरवर रांगेने टँक चालतात, कारण पिल्लं आत ओढली जात नाहीत आणि टँकमागे खर्च कमी. पण ज्या माणसाचं पोट मासे जिवंत ठेवण्यावर आहे तो ज्या फिल्टरवर विसंबतो, तो घरी कमी पडेल हे तर्कात बसत नाही. तो सल्ला मिळाला त्याच दुकानातल्या मागच्या रॅककडे एकदा नजर टाका.

स्पंज कुठे कमी पडतो तेही सांगतो. तो बारीक गाळ धरतो, पण मोठी विष्ठा उचलत नाही, ती तळाला पडून राहते. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर असल्या मोठ्या माशांना स्पंज एकटा ठेवू नये. मोठ्या टँकमध्ये एका कोपऱ्यातला स्पंज दुसऱ्या कोपऱ्यातलं पाणी हलवत नाही. आणि दिसायला तो काही देखणा नाही, झाडामागे लपवावा लागतो.

तुमच्या टँकमध्ये खरा भार गोल्डफिशचा आहे. बारा गप्पी मिळून सहा-सात ग्रॅम भरतील, तीन इंचाचा एकेक गोल्डफिशच पंधरा-वीस ग्रॅमचा असतो, आणि तो अजून वाढणार आहे. दोन फुटी टँक त्यांचा नव्हे, फिल्टर कुठलाही असो. मोठा टँक असलेल्या कोणाला द्या किंवा दुकानात परत करा. मुठेत किंवा पाषाणच्या तलावात सोडू नका, ते पुण्य नाही. तोपर्यंत खाद्यावर ताबा ठेवा. रोजचा एक ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून आठवड्याचं पाच ग्रॅम एका छोट्या डबीत काढा. आजी, मुलं, तुम्ही, जो कोणी घालेल त्याने त्याच डबीतून घालायचं, आणि शुक्रवारी डबी रिकामी झाली तर शनिवार-रविवार उपास. बहुतेक घरांत तिघंही वेगवेगळ्या वेळी घालत असतात आणि प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे घालतो.

द्रवाचं टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइटचं. पंप अखंड चालू, स्पंज टँकच्याच पाण्यात धुतलेला आणि खाद्य डबीतून, असं चाललं तर आपल्याकडच्या तापमानाला आधी अमोनिया उतरेल, मध्ये नायट्राइट चढेल, त्या काळात घाबरून काही नवीन टाकू नका, फक्त पाणी थोडं थोडं बदला. चार ते सहा आठवड्यांत दोन्ही शून्याला यायला हवेत. तसं झालं नाही तर पॉवर फिल्टरचा विचार करू, आणि तेव्हाही तो स्पंजच्या जोडीला लावायचा. स्पंज काढून नव्हे.